सोतेर्न : बुरशीने दिलेला गोडवा

द्राक्षाला बुरशी आली की आपण ते फेकून देतो. पण फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या सोतेर्न गावचे शेतकरी तिचीच वाट पाहातात! तेथे सिरॉन नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या कोमट पाण्याला मिळते. त्यामुळे शरद ऋतूत सकाळी धुके पडते व द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. दुपारच्या उन्हात दाण्यांतले पाणी आटते, साखर राहाते. असे तयार दाणे निवडून, अनेक फेऱ्यांत, हाताने खुडतात. हवामानाने दगा दिला तर वर्षाची मेहनत वाया. २०१२ साली प्रसिद्ध शातो दिकेमने आपली ही गोड वाईन काढलीच नाही.

ही वाईन गार करून, थोडीच घ्यावी. फ्रेंच लोक तिच्याबरोबर खारट रोकफोर चीज किंवा जर्दाळूचा टार्ट खातात. पदार्थ वाईनपेक्षा कमी गोड हवा. आपल्या चिकाच्या हलव्यापुढे ती आंबट लागेल! किद्दुशसाठी आणायची तर बाटलीवर कोशेरचा शिक्का जरूर पाहावा.

आणि मुलांनो, तुम्हाला आपले काळ्या मनुकांचे शरबतच बरे. आपल्या वाडवडिलांनी कोकणात त्यावरच किद्दुश केला. सुकलेल्या द्राक्षात गोडी साठते, हे त्यांनाही ठाऊक होतेच की!