घसरत्या चाकाचा पिवळा इशारा

पावसाळ्यात घाट चढताना एखाद्या वळणावर लाल मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असतो. चालक ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबतो आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकू लागतो. त्यावर गाडीचे छोटेसे चित्र असते आणि मागे दोन नागमोडी रेघा. त्याच वेळी इंजिनाचा जोर कमी पडल्यासारखे वाटते. दोन-तीन सेकंदांत दिवा विझतो आणि गाडी पुन्हा नीट चालू लागते. गाडीत काहीतरी बिघडले, असे अनेकांना वाटते. खरे तर गाडीतील एका यंत्रणेने तेवढ्या वेळात आपले काम चोख केलेले असते.

या यंत्रणेचे नाव ट्रॅक्शन कंट्रोल. तिचा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो. लुकलुकणारा दिवा सांगतो, ‘चाक घसरते आहे, मी सावरते आहे.’ सतत पेटून राहिलेला दिवा सांगतो, ‘मी सध्या काम करत नाही.’ पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला हा फरक ठाऊक असायलाच हवा.

चाक घसरते म्हणजे काय?

गाडी पुढे जाते ती इंजिनाच्या ताकदीने, पण ती ताकद रस्त्यावर पोहोचते टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणामुळे. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे घर्षण भरपूर मिळते, ओल्या रस्त्यावर ते बरेच कमी होते. पहिल्या पावसात तर रस्त्यावर साचलेली धूळ, तेल आणि टायरचे झिजलेले रबर पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो.

उपलब्ध घर्षणापेक्षा जास्त जोर चाकाला मिळाला, की चाक जागच्या जागी गरगर फिरते. एकदा घसरायला लागलेल्या टायरची पकड आणखी कमी होते. शिवाय गाडीतील डिफरेन्शियल हा भाग दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एक चाक चिखलात फिरू लागले, की घट्ट रस्त्यावर असलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो आणि गाडी अडते.

यंत्रणा नेमके काय करते?

प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. हेच सेन्सर एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणाही वापरते. एखादे चाक इतरांपेक्षा अचानक जोरात फिरू लागले, की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करते. अनेक गाड्यांत ती फक्त त्याच चाकाला हलका ब्रेकही लावते. त्यामुळे पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. माणसाला धोका ओळखून पाय हलवायला सुमारे एक सेकंद लागतो. यंत्रणा हे सेकंदाच्या छोट्याशा अंशात करते. शिवाय चालकाकडे ब्रेकचे एकच पेडल असते. एकट्या चाकाला ब्रेक लावणे त्याला शक्यच नसते.

गाडी वळणावर भरकटू लागली तर तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (ईएससी) ही याच्या पुढची पायरी. अनेक गाड्यांत दोन्ही यंत्रणांसाठी एकच दिवा असतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत एनसीएपी’ चाचणीत तीन किंवा अधिक तारे मिळवायचे असतील, तर गाडीत ईएससी असणे आवश्यक आहे.

दिवा लुकलुकला तर

ॲक्सिलरेटरवरील पाय हळूच सैल करावा. स्टिअरिंगला हिसका देऊ नये, एकदम ब्रेक दाबू नये. दिवा वारंवार लुकलुकत असेल, तर या रस्त्यासाठी आपला वेग जास्त आहे, असा त्याचा सरळ अर्थ. कोरड्या, सरळ रस्त्यावर सावकाश जातानाही तो लुकलुकत असेल, तर मात्र टायर आणि सेन्सर तपासून घ्यावेत.

दिवा पेटूनच राहिला तर

गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून विझतो. ती यंत्रणेची स्वतःची तपासणी असते. तो विझला नाही, तर आधी ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण चुकून दाबले गेले आहे का, ते पाहावे. तसे नसेल, तर सुरक्षित जागी थांबून गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी. तरीही दिवा राहिला, तर बिघाड आहे असे समजावे.

कारण बहुधा साधे असते : सेन्सरवर साचलेला चिखल, उंदरांनी कुरतडलेली वायर, कमकुवत बॅटरी. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या सेन्सरची जुळणी करायची राहून गेली, तरी दिवा पेटू शकतो. काही गाड्यांची स्टेपनी आकाराने लहान असते. ती बसवल्यावर ते चाक इतरांपेक्षा वेगाने फिरते आणि यंत्रणेचा गोंधळ उडू शकतो. इंजिनात दोष असला तरी काही गाड्या ट्रॅक्शन कंट्रोल बंद करतात. अशा वेळी ‘चेक इंजिन’चा दिवाही सोबत दिसतो.

फक्त हा एकच दिवा पेटला असेल, तर नेहमीचे ब्रेक काम करतात आणि गाडी सावकाश चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. एबीएसचाही दिवा लागला असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊ शकतात. पुढच्या गाडीपासून बरेच अंतर ठेवावे. आणि ब्रेकचा लाल दिवा पेटला, हँडब्रेक सोडलेला असूनही तो विझत नसेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी आणि मदत मागवावी.

गॅरेजमध्ये एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, हे आधी विचारावे. साधे स्कॅनर बऱ्याचदा इंजिनाचेच कोड दाखवतात. मूळ दोष न शोधता कोड नुसता पुसला, तर दिवा विझतो, पण बिघाड तसाच राहतो.

बटण कधी दाबावे?

चाके चिखलात किंवा वाळूत रुतली असतील, तर यंत्रणा सतत जोर कमी करत राहते आणि गाडी बाहेर निघत नाही. तेवढ्यापुरते बटण दाबून ती बंद करणे योग्य. गाडी निघाली, की लगेच ती पुन्हा चालू करावी. ओल्या घाटरस्त्यावर ती बंद ठेवण्यात कोणताही फायदा नाही.

यंत्रणेलाही मर्यादा

ट्रॅक्शन कंट्रोल आहे ती पकड नीट वापरते. नवी पकड तयार करत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबत असेल, तर ओल्या रस्त्यावर तिला सुमारे ३५ मीटर लागू शकतात. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत कापलेले १७ मीटर अंतर वेगळेच. हा हिशेब कोणताही सेन्सर बदलू शकत नाही.

तो बदलतो वेगाने आणि टायरने. खाचांची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली, की खाचेतील खूण टायरच्या पृष्ठभागाला टेकते. असा टायर बदललाच पाहिजे. पावसाळ्यासाठी त्याच्याही आधी बदललेला बरा. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा तपासायला दहा मिनिटे पुरतात. पिवळा दिवा पेटण्याची वेळ त्यामुळे कमी येते.