लेखणीचा पालट

लेखकाला एकदां आपली शैली सांपडली, कीं तिची सवय जडते. आणि सवय ही वाढीची वैरीण असते. यवतमाळ जिल्ह्यांतील कळंबच्या चिंतामणीचें उदाहरण घ्यावें. तेथें दर्शनार्थी पायऱ्या उतरून भूमीच्या पातळीखालीं गणपतीपुढें उभा राहतो. निबंधकार या उतरण्याचें कारण शोधील. कवि खालचा गारवा टिपील. विनोदी लेखकाला वर ठेवलेल्या जोड्यांची चिंता दिसेल. स्थळ एकच, पण रीत पालटली कीं दृष्टीहि पालटते.

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचें लेखन याची साक्ष देतें. कवितेसाठीं ते ‘गोविंदाग्रज’ झाले, विनोदासाठीं ‘बाळकराम’; नाटकें मात्र स्वतःच्या नांवानें लिहिलीं. विनोदांत श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांना त्यांनीं गुरु मानलें. पुढें ‘एकच प्याला’ नाटकांत सुधाकराच्या सर्वनाशाशेजारीं तळीरामाचा विनोद उभा राहिला, तेव्हां दोन्ही लेखण्यांचा सराव एकाच कामीं आला. तरीहि अलंकारांचा मोह त्यांच्या गंभीर प्रवेशांतून पुरता सुटला नाहीं. सावनेर येथें ते वारले, तेव्हां त्यांचें वय अवघें ३३ वर्षांचें होतें. मोह आवरण्यास लागणारा अवधि त्यांना मिळाला नाहीं.

ज्याला तो अवधि आहे, त्यानें एकच प्रसंग आठ दिवसांनीं दुसऱ्या रीतीनें लिहून पाहावा. दोन्ही कागद शेजारीं ठेवले, कीं कोणतें वाक्य सवयीनें आलें आणि कोणतें गरजेनें, हें हळूहळू कळूं लागतें.