पाच चौकोन आणि आपले गैरसमज

"तुझं काय, तुझं इंग्रजी चांगलं. तुला सुचणारच," असं आई रोज सकाळी म्हणते. चहा झाला की आम्ही दोघं वर्डल सोडवायला बसतो, तेव्हाचं हे ठरलेलं वाक्य. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा संधी. अक्षर योग्य जागी असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळं, नसेल तर करडं. आई मराठी माध्यमात शिकली. ती निदान खेळते तरी. पण हीच समजूत करून घेऊन कितीतरी माणसं अशा कोड्यांकडे फिरकतच नाहीत. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ही समजूतच चुकीची आहे.

न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांनी शब्द पाठ केले होते, अर्थ नव्हे. २०२४ मध्ये त्यांनी स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. एवढं पाठांतर तुमच्याआमच्या आवाक्यातलं नाही हे खरं, पण अक्षरं जुळवून शब्द शोधणं आणि भाषा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यातून कळतं.

आपली खरी अडचण इंग्रजी नाही, आपला कान आहे. आपण भेंड्या खेळत वाढलो. शेवटचं अक्षर कानानं पकडायचं आणि पुढचं गाणं सुरू करायचं. ही सवय इंग्रजी शब्दाची लांबी मोजताना दगा देते. रांग या अर्थाचा 'क्यू' घ्या. क्यू, यू, ई, यू, ई अशी पाच अक्षरं. पहिलं उच्चारलं की शब्द संपला, मागची चार गप्प उभी! 'एट' म्हणजे आठ, तोही पाच अक्षरांचा. उलट 'आयडिया' ऐकायला लांब, अक्षरं चारच. म्हणून शब्द मनात म्हणून बघू नका, कागदावर पाच चौकोन काढून त्यात लिहून बघा.

शाळेत शिकवलेले दोन नियमही अर्धेच खरे आहेत. क्यूच्या मागे यू येतो हा पहिला. बहुतेक वेळा येतो, पण अरबीतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांत येत नाही. फकीर, तलाक, निकाब, बुरखा हे चारही शब्द इंग्रजी कोशांत क्यू घालून, पण त्याच्या मागे यू न लावता सापडतात आणि चारही पाच अक्षरांचे आहेत. हे शब्द लंडनच्या माणसापेक्षा आपल्याला जास्त जवळचे! दुसरा नियम, ए-ई-आय-ओ-यू यांच्याशिवाय शब्द होत नाही. होतो. 'क्रिप्ट', 'निम्फ', 'ग्लिफ' यांत स्वराचं काम वाय करतो. पाचही स्वर करडे झाले की आई हताश होते. खरं तर तेव्हा उत्तर हाताशी आलेलं असतं, कारण असे शब्द फार थोडे आहेत.

आता सर्वांत लाडका गैरसमज: आधी स्वर शोधा. म्हणून असंख्य खेळाडू निरोपाचा 'अड्यू' हा शब्द आधी टाकतात, कारण त्यात ए, डी, आय, ई, यू, म्हणजे चार स्वर आहेत. पण ई किंवा ए तर ढीगभर शब्दांत असतात. ते आहेत एवढं कळून शक्यता फारशा घटत नाहीत. चाळणी लागते ती व्यंजनांची. वर्डलच्या मूळ उत्तरांच्या यादीवर संगणकानं सर्व शक्यता तपासल्या, तेव्हा पहिला शब्द म्हणून सरस ठरला 'सॅलेट', म्हणजे जुन्या काळचं शिरस्त्राण. त्यात स्वर दोनच, सोबत एस, एल आणि टी. तिथून बिनचूक खेळत गेलं तर सरासरी ३.४२ प्रयत्नांत उत्तर येतं.

प्रत्येक प्रयत्न उत्तराच्या आशेनंच करायचा, हाही गैरसमज आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारा. परवाचंच उदाहरण. दोन प्रयत्नांत आमची शेवटची चार अक्षरं हिरवी झाली: आय, जी, एच, टी. आई खूश! पण पहिल्या जागी काय? फाइट, लाइट, माइट, साइट, नाइट, राइट, टाइट, एट. ओळखीचे आठ शब्द आणि संधी चार. एकेक टाकत बसलो तर हरण्याची शक्यता निम्मी. आम्ही टाकला 'फिल्म्स'. तो उत्तर असणं शक्यच नव्हतं, पण एफ, एल, एम, एस ही चार अक्षरं एका फटक्यात तपासली गेली. चारही करडी. मग 'एंटर' टाकला, ई, एन आणि आर यांच्यासाठी. पहिला ई हिरवा झाला. उत्तर 'एट', पाचव्या प्रयत्नात. हार्ड मोडमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे मिळालेली खूण पुढच्या शब्दात वापरावीच लागते.

तेव्हाच आईनं विचारलं, "अरे, पण 'एंटर'मधला दुसरा ई करडा कसा?" करडं म्हणजे ते अक्षर शब्दात नाहीच, असं नसतं. आपण दोन ई घातले आणि उत्तरात एकच असेल, तर जास्तीचा करडा होतो.

राहिली अवघड शब्दांची भीती. २६ अक्षरांतून पाच-पाचच्या १,१८,८१,३७६ जुळण्या होतात, पण वर्डलच्या मूळ यादीत ग्राह्य शब्द होते १२,९७२ आणि त्यांतली उत्तरं फक्त २,३१५. जॉश वॉर्डल यांनी हा खेळ त्यांच्या जोडीदार पलक शाह यांच्यासाठी बनवला आणि हजारो शब्दांतून ओळखीचे तेवढे निवडण्याचं काम पलक यांनीच केलं. शेवटी एस लावलेली साधी अनेकवचनं त्या उत्तरांत जवळजवळ नव्हतीच.

तेव्हा इंग्रजी कच्चं म्हणून हे कोडं बाजूला ठेवलं असेल, तर उद्या सकाळी एकदा उघडा. पाच चौकोन काढा, उरलेली अक्षरं वर लिहा, आणि अडलात तर उत्तर नसलेला पण चार शक्यता एकदम तपासणारा शब्द बेधडक टाका.