पंप गेला म्हणे!

गाडी दहा-बारा वर्षांची झाली, वळण घेताना बोनेटखालून ‘घूंऽऽ’ असा रडका आवाज यायला लागला, की गॅरेजच्या बाकड्यापासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: ‘पॉवर स्टिअरिंगचा पंप गेला.’ बोनेट उघडण्याआधीच हे ठरलेलं असतं. नव्या पंपाची किंमत ऐकून मालकाचा चेहरा उतरतो, मग कोणीतरी कुर्ल्याच्या भंगारबाजारातून ‘चालू कंडिशन’मधला पंप आणून देतं. तो बसतो, ऑइल भरलं जातं, आणि थोड्याच दिवसांत तोच घूं पुन्हा सुरू. यावर निष्कर्ष काय निघावा? ‘हापण पंप खराब निघाला.’ इथे मात्र कपाळाला हात लावायची वेळ येते. अहो, लागोपाठ दोन पंपांनी एकच सूर लावला, तर पंप सोडून दुसरीकडे बघावं, एवढं तरी सुचायला हवं.

हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची रचना मुळात साधी आहे. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप डबीतलं ऑइल ओढतो, दाबानं चाकं वळवणाऱ्या रॅककडे पाठवतो, आणि काम झालेलं ऑइल परतीच्या पाइपानं डबीत येतं. दाबाच्या बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना साधारण ७० ते १०० बार, काही गाड्यांत त्याहूनही जास्त दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. या बाजूला गळती झाली तर ऑइल बाहेर येतं, जमिनीवर डाग पडतो, आणि सगळ्यांना ते दिसतं. गोंधळ होतो तो दुसऱ्या बाजूला. डबी ते पंप या ओढीच्या पाइपात इंजिन चालू असताना बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तिथे फट पडली तर ऑइल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. शहाळ्याच्या स्ट्रॉला चीर असली की पाणी खाली सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते; तोच हा प्रकार. म्हणून ‘खाली एक थेंब नाही, म्हणजे लीक नाही, म्हणजे पंपच’ हे जे तर्कशास्त्र चालतं, ते पहिल्याच पायरीवर घसरतं.

आत शिरलेल्या हवेचे बुडबुडे पंपाच्या पात्यांमधून दाबाच्या बाजूला जातात आणि तिथे चेपले जाऊन फुटतात. तो घूं त्यांचा असतो. ऑइलची ओढ पुरेशी भागत नसेल, समजा डबीच्या तळाची जाळी तुंबली असेल, तर बाहेरची हवा न शिरताही ऑइलमध्ये पोकळ्या तयार होतात आणि आवाज जवळपास तसाच येतो. या फुटणाऱ्या बुडबुड्यांनी पंपाचा धातू टोचला जातो. त्यामुळे ‘पंप गेला’ म्हणत दोन वर्षं तशीच गाडी चालवली, तर शेवटी पंप खरंच जातो आणि निदान करणारा म्हणतो, ‘बघा, मी सांगितलं होतं!’

आता घरी काय बघायचं. सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवा, किल्ली फिरवून स्टिअरिंगचा लॉक सोडवा आणि स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवा. जड जाईल, जाऊ दे. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. या अवस्थेत कट्-कट्, खट्-खट् किंवा रबर घासल्यासारखा आवाज आला, तर त्याचा पंपाशी सुतराम संबंध नाही. टाय रॉड एंड, सस्पेन्शनच्या वरचं बेअरिंग नाहीतर स्टिअरिंगच्या दांड्यातला क्रॉस बघा. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी फार थोडे लोक करतात.

मग इंजिन चालू करून डबीचं झाकण काढा आणि टॉर्च मारून आत नीट पाहा. निरोगी ऑइल पारदर्शक असतं. हवा धरलेलं ऑइल दुधाळ, फिकट गुलाबी किंवा तपकिरी दिसतं, वर बारीक फेस तरंगत असतो, आणि परतीच्या तोंडापाशी बुडबुडे सतत वर येताना दिसतात. ऑइलची पातळी कुठे आहे ते लक्षात ठेवून इंजिन बंद करा. पातळी वर चढली तर आत हवा आहे, कारण दाबाखाली चेपलेली हवा दाब जाताच फुगते आणि ऑइलला वर ढकलते. विश्वास बसत नसेल त्यांच्यासाठी: टोयोटाच्या सर्व्हिस पुस्तिकांत ही चाचणी दिलेली आहे, आणि पातळी जास्तीत जास्त ५ मिलिमीटर चढलेली चालते असं तिथे छापलेलं आहे. त्याहून जास्त चढली तर पुस्तिकाही हवा काढायला सांगते, पंप काढायला नाही.

हवा कुठून आली हे शोधताना डबीकडून पंपाकडे जाणारा जाड रबरी पाइप हातानं दाबून पाहा. इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून तो कडक होतो, मूळची स्प्रिंगची क्लिप सैल पडते आणि जोडाशी पुसट ओलसरपणा राहतो. इंजिन चालू असताना त्या जोडावर थोडं स्टिअरिंग ऑइल चोपडा, हात बेल्टपासून आणि पंख्यापासून लांब ठेवून. घूं क्षणभर बदलला किंवा थांबला, तर चोर सापडला. क्लिप बदला, नाहीतर पाइपच बदला. या बाजूला दाब नसल्यामुळे हे काम घरी करता येतं. पाइप मात्र ऑइलला चालणारा हवा. रेडिएटरच्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून लावलेला पाहिला आहे, तो काही महिन्यांत फुगून मऊ होतो.

पाइप धड असेल तर पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग तपासा. २०००च्या दशकातल्या होंडा अकॉर्ड आणि सीआर-व्हीमध्ये ही रिंग कडक होऊन हवा शिरणं इतकं नेहमीचं होतं, की जाणते फिटर आधी तीच बदलत. एका बोल्टवर बसलेलं तोंड, आत बोटभर रुंदीची रबरी कडी, आणि तिच्यापायी कितीतरी चांगले पंप भंगारात गेले असतील! आवाज सकाळी गार इंजिनवर जास्त आणि गाडी तापल्यावर कमी येत असेल, तर संशय या रिंगवर किंवा डबीतल्या जाळीवर घ्या. गार ऑइल घट्ट असतं, ते ओढणं जड जातं. नाशिककडच्या डिसेंबरात हे चांगलंच जाणवतं. पुष्कळ गाड्यांत जाळी डबीच्या आतच पक्की असते. ती धुऊन साफ होत नाही, अख्खी डबी बदलावी लागते, आणि तीही पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

फट बुजवली की हवा काढायची. त्यासाठी गॅरेजच्या रांगेत उभं राहायचं कारण नाही. पुढची चाकं जॅकनं उचलून खाली घोड्या लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली किंवा गाडीला टेकून काम करू नका. डबी खुणेपर्यंत भरा. इंजिन बंदच ठेवून स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा आणि दुसऱ्या माणसाला डबीवर नजर ठेवायला सांगा, कारण पातळी खाली गेली की पुन्हा हवा ओढली जाते आणि सगळा खटाटोप वाया. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून तेच सावकाश करा. टोकाला पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका. फेस राहिलाच तर गाडी तासभर उभी ठेवा आणि पुन्हा करा. इथे घाई करणारे इंजिन चालू करून गरागरा स्टिअरिंग फिरवतात, आणि पंप आतली हवा घुसळून तिचं दही लावतो. मग तेच लोक सांगतात की हवा काढून काही फरक पडला नाही.

पंप खरोखर कधी जातो? जातो, नाही असं नाही. ऑइलचा थेंब पांढऱ्या फडक्यावर घ्या. त्यात चमचमणारी धातूची कणी दिसली, पुली हातानं हलवल्यावर तिच्यात खेळ लागला, किंवा हवा पूर्ण निघूनही आवाज तसाच राहिला आणि इंजिन संथ असताना स्टिअरिंग जड झालं, तर पंप बदला. त्या वेळी पाइप आणि डबी मात्र धुऊन घ्या. जुन्या पंपाचा चुरा नव्याच्या पोटात गेला, की तुम्ही परत कुर्ल्याला.

किंचाळण्यासारखा तीक्ष्ण आवाज हा वेगळा विषय. गाडी चालू करताना किंवा स्टिअरिंग टोकाला नेताना ‘चींऽऽ’ होत असेल तर तो बेल्ट घसरतोय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर हा आवाज मिनिटभर येतो आणि बेल्ट वाळला की जातो. एरवीही येत असेल तर बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी फवारा. बेल्ट बनवणाऱ्या गेट्स कंपनीचंच हे शिक्षण आहे: आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत, वाढला तर ताण कमी आहे. बेल्टवर मारायचे फवारे दुकानात मिळतात, ते आवाज झाकतात आणि बेल्टवर धूळ चिकटवतात. आणि स्टिअरिंग फिरवा न फिरवा, घरघर तशीच राहत असेल, तर अल्टरनेटरचं किंवा बेल्टच्या आयडलरचं बेअरिंग पाहा. पंप वळवताना जास्त ओरडतो, बेअरिंगला वळणाचं काही पडलेलं नसतं.

आता उरलेली मुक्ताफळं.

‘ऑइल वापरानं कमी होतंच, वरून टाकत राहायचं.’ हे बंद चक्र आहे, इथे ऑइल जळत नाही. कमी झालं म्हणजे गळलं. रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बुटं दाबून पाहा. आत ऑइल खळखळलं तर रॅकची सीलं गेली, आणि हे काम घरचं नव्हे.

‘ऑइल ते ऑइल, कुठलंही चालतं.’ जुन्या इनोव्हाला लाल डेक्स्रॉन चालतं, होंडाच्या पुस्तिकेत होंडाचंच ऑइल वापरा असं बजावलेलं आहे, आणि पहिल्या ऑक्टाव्हियात हिरवं हायड्रॉलिक ऑइल लागतं. डबीच्या झाकणावर लिहिलेलं वाचायला चष्मा लागत असेल तर चष्मा लावा.

‘नाहीतर ब्रेक ऑइल टाकू.’ अजिबात नाही. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि इथल्या रबरी सीलांची वाट लावतं.

‘टोकाला वळवल्यावर घरघर होते, म्हणजे बिघाड.’ तिथे दाब सोडणारी झडप उघडते, तो तिचा आवाज. टोकाला रेटून धरू नका, एवढंच.

‘गळती बोट फिरवून शोधावी.’ दाबाच्या पाइपावर हे चुकूनही करू नका. टाचणीएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीत घुसतं, आणि तसं झालं तर तो दवाखान्याचा मामला आहे, घरगुती मलमाचा नव्हे. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. एक्झॉस्टवर ऑइल टपकत असेल तर गाडी चालू ठेवू नका, आग लागते.

‘माझ्या स्विफ्टचं स्टिअरिंग ऑइल बदलून द्या.’ नाहीच तर बदलणार काय? सुझुकीनं १९८८मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग आणलं, आणि २००५मध्ये आपल्याकडे आलेल्या स्विफ्टमध्येही मोटरच आहे, पंप नाही. अशा गाडीत खट्-खट् आली तर दांड्याचा जोड किंवा रॅक पाहा, आणि डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा दिवा लागला तर बॅटरीपासून सुरुवात करा.

‘पॉवर गेली की गाडी वळतच नाही.’ वळते. चाकांशी जोडणी लोखंडाचीच असते, फक्त ताकद तुम्हाला लावावी लागते. म्हणूनच कसारा किंवा खंबाटकी उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करणारे बरेचदा सुखरूप खाली पोचतात आणि आपलं शहाणपण सांगत फिरतात. स्टिअरिंग जड झालेलं असतं आणि ब्रेकही दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. त्यात किल्ली पूर्ण बंद करून काढली, तर स्टिअरिंगचा लॉक पडतो आणि मग खरंच वळत नाही.