मेण मऊ राहील एवढीच ऊब

शिशाची ओतीव गोळी बंदुकीच्या नळीतून वेगाने जाताना आतल्या अंगाला घासते, तिच्या शिशाचा पातळ थर तेथे चिकटून राहतो आणि असे थर साठत गेले की नेमाचा भरवसा उरत नाही. यावर उपाय म्हणून गोळीच्या अंगाभोवती साच्यातच आडव्या खाचा ठेवतात आणि त्यांत मेण व चरबी, किंवा मेण व एखादा तेलकट पदार्थ, यांचे घट्ट वंगण भरतात. शिवाय साच्यातून निघालेली प्रत्येक गोळी नेमक्या सारख्या जाडीची नसते, म्हणून तिला ठरावीक व्यासाच्या पोलादी डायमधून दाबून काढावे लागते. ही दोन्ही कामे एकाच दाबात उरकणारे हातयंत्र अमेरिकेतील अनेक हौशी नेमबाजांच्या कामाच्या टेबलावर बसवलेले असते. लायमन आणि आरसीबीएस या कंपन्यांची अशी यंत्रे तेथे परिचित आहेत. यंत्राच्या मधोमध डाय असते, तिच्या शेजारी वंगणाची कांडी ठेवण्याचे नळकांडे असते आणि त्या कांडीवर स्क्रूने दाब देता येतो. हँडल ओढले की पंच गोळीला डायमध्ये ढकलतो आणि दाबाखाली असलेले वंगण डायच्या भिंतीतील बारीक छिद्रांतून गोळीच्या खाचांत शिरते.

यंत्र ऊबदार ठेवणाऱ्या हीटरची गरज निर्माण होते ती या छिद्रांपाशी. मधमाशीचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. पण ३५ अंशांच्या आसपास ते मळण्याजोगे मऊ झालेले असते आणि त्याहून बरेच थंड असेल तर तडकते. घट्टपणा आणि पातळपणा यांच्यामधला हा मऊपणाचा पट्टाच कारागिराच्या कामाचा असतो. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनशी संबंधित ई. एच. हॅरिसन यांच्या नावाने ओळखले जाणारे वंगण, म्हणजे मधमाशीचे मेण आणि अ‍ॅलॉक्स नावाचा पेट्रोलियमजन्य पदार्थ यांचे समभाग मिश्रण, मुळातच मऊ असल्याने त्याला सहसा ऊब लागत नाही. याउलट कार्नोबासारखे कठीण वनस्पतिज मेण घातलेली वंगणे हाताला चिकटत नाहीत, साठवणीत टिकतात, पण गार यंत्रात छिद्रांतून सरकायला तयार नसतात.

घरगुती हीटर बहुधा यंत्राच्या बुडाखाली बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीचा असतो. पट्टीला आडवे भोक पाडून त्यात कार्ट्रिज हीटर, म्हणजे धातूच्या नळीत बंद केलेली तापतार, सरकवतात आणि तापमान आटोक्यात ठेवण्यासाठी थर्मोस्टॅट जोडतात; कोणी जुन्या इस्त्रीचा एलिमेंट वापरतो, तर कोणी नुसत्या बल्बच्या उबेवर भागवतो. पट्टी आणि टेबल यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घातला नाही तर निम्मी ऊब टेबलच पिऊन टाकते, आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग दिले नाही तर वायरीत बिघाड होताच हँडल हाती धरणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते. खरी अडचण मात्र विलंबाची आहे. यंत्राचा सांगाडा जड असल्याने खालची ऊब वरच्या नळकांड्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ जातो. पट्टीला लावलेला सेन्सर योग्य तापमान दाखवत असतो तेव्हा वंगण अजून गारच असते, आणि घाईने थर्मोस्टॅट वाढवला की थोड्या वेळाने तेच वंगण पातळ होऊन गोळीच्या बुडाखाली शिरते आणि सगळीकडे चोपडते. म्हणून सेन्सर शक्यतो डायजवळ बसवणे आणि काम थांबवताना स्क्रूचा दाब सैल करणे, या दोन गोष्टी हीटरच्या वॅटक्षमतेपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, तेव्हा इतक्या कमी उबेत त्याची वाफ होण्याची भीती नसते. पण शिसे हाताळलेल्या बोटांनी काही खाणे घातकच आहे.

हा हीटर थंड मुलखाची गरज आहे, हे ठाण्याच्या खाडीकाठी, कोलशेतसारख्या ठिकाणी, सहज पटते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधले तापमान आपोआपच मेण मऊ होण्याच्या पट्ट्यात जाते आणि मऊ वंगणाची कांडी तेथे काही न करताही पाझरू लागेल. आणि हीटर हवाच असला, तर १९६२ नंतर राज्य औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये छोटे कारखाने वसत गेले. अशा कारखान्यांत प्लास्टिकचे साचे तापवण्यासाठी असेच हीटर आणि कंट्रोलर वापरतात, त्यामुळे सुटे भाग मिळवणे ठाणेकराला मुळीच अवघड नाही.

तरीही हा छंद येथे परवान्याशिवाय कोणाला करता येत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या पाचव्या कलमानुसार दारूगोळा बनवण्यासाठी परवाना लागतो. आणि अधिनियमातील व्याख्येत केवळ काडतूस नव्हे, तर दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. थोडक्यात, तापणारी पट्टी निरुपद्रवी असली तरी तिच्यावर बसवायचे यंत्र कायद्याच्या नजरेत दारूगोळाच आहे.

गोळीच्या वंगणाने या देशात एकदा मोठा अनर्थ केला आहे, याचाही विसर पडू नये. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरायची असल्याने गोळी नळीत सहज उतरावी म्हणून कागदी काडतुसाला चरबी व मेण लावलेले असे आणि काडतुसाचे टोक दातांनी तोडण्याची रीत होती. ती चरबी गायीची आणि डुकराची असल्याची वार्ता जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथून पसरली आणि त्या वर्षीच्या उठावाचे एक निमित्त ठरली. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या प्रवासवर्णनातही काडतुसांची ही वार्ता आलेली आहे. लष्करी रायफलींच्या गोळ्यांना नंतर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण आले आणि बाहेरून वंगण भरण्याचे कामच बहुतांशी संपले.

क्रीडेतील .२२ च्या काडतुसात मात्र उघडी, मेणचट वंगण लावलेली शिशाची गोळी आजही आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले, ते याच जातीच्या काडतुसांवर. या खेळात वंगण कारखान्यातच लागलेले येते, तरी त्याचा स्वभाव नेमबाजाला सांभाळावा लागतो: काडतुसाची कंपनी बदलली की नळीत आधीच्या वंगणाचा थर जाऊन नव्याचा बसेपर्यंत काही गोळ्या झाडाव्या लागतात, आणि थंडीत वंगण घट्ट झाले की गोळ्यांचा गट फाकू शकतो.