तुपाचा डबा विमानतळावरच राहिला

तुमच्या घरातलं किंवा भावकीतलं एखादं लेकरू परदेशी शिकायला निघालं असेल, तर जरा बैस मारून हे वाचा. आता खेड्यापाड्यांतली मुलंही कृषी पदवी घेऊन जर्मनीला, हॉलंडला जाऊ लागली आहेत. निघण्याच्या दिवशी सगळं गाव वेशीपर्यंत येतं, पेढे वाटले जातात, फोटो निघतात. पण लेकरू तिथं उतरल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांत त्याच्यावर काय गुदरतं, ते कुणी सांगत नाही. मुलं तर मुळीच सांगत नाहीत.

माझी भाची सप्टेंबरअखेरीस जर्मनीतल्या ग्योटिंगेन या गावी शेतीशास्त्राचं पुढचं शिक्षण घ्यायला गेली. तिथलं विद्यापीठ १७३७ सालापासून चालू आहे. सरकारी असल्यामुळे शिकवण्याची फी नाही, सत्राची थोडी वर्गणी तेवढी भरायची. हे ऐकून ताईला वाटलं, चला, स्वस्तात झालं. पण मंडळी, फी नसली तरी पोट आहेच की. वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. युरोला शंभर रुपये धरले तर बारा लाखांच्या घरात जाते. त्यातून दरमहा ९९२ युरोच सुटतात. दाजींनी त्यासाठी राहतं घर बँकेकडे तारण दिलं.

ताईनं सामान भरलं ते आपण सगळ्या भरतो तसंच. चटण्या, मेतकूट, भाजणी, कुरडया आणि घरच्या गाईचं दोन किलो साजूक तूप. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पोरीनं खरं ते सांगितलं आणि डबा तिथंच काढून घेतला गेला. बाहेरून येणाऱ्यांना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून. तूप, खवा, पेढे सगळं त्यात आलं. ताजा कढीपत्ता किंवा बियाणंही कागदपत्राशिवाय चालत नाही. तेव्हा तुम्ही डबा भरताना हे ध्यानात ठेवा. डाळी, मसाले, कोरड्या चटण्या खुशाल द्या.

ती पोचली शनिवारी संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी रविवार. तिथं रविवारी दुकानं बंद ठेवण्याचा कायदाच आहे. स्टेशनातली चार दुकानं सोडली तर गाव शांत. आपल्याकडच्या बाजारच्या दिवसाची सवय असलेल्या पोरीला वाटलं, काही दंगाबिंगा झाला की काय! तो दिवस तिनं दशम्या आणि नळाच्या पाण्यावर काढला. नळाचं पाणी तिथं बिनघोर प्यावं, बाटली विकत घेण्याची गरज नाही.

खरा घोळ त्याआधीच होऊन बसला होता. तिनं इथूनच फोनवर फोटो पाहून एक खोली ठरवली होती आणि ६०० युरो आगाऊ पाठवले होते. पत्त्यावर जाऊन पाहते तर त्या नावाचा माणूस नाही आणि खोलीही नाही. साठ हजार रुपये गेले. फोटो दुसऱ्याच कुणाच्या घराचे होते. अशी फसवणूक तिथं नवख्या मुलांची होते, कारण विद्यापीठांच्या गावांत ऑक्टोबरच्या तोंडावर खोल्यांची फार टंचाई असते.

आता तुम्ही म्हणाल, पैसे गेले तर गेले, दुसरी खोली बघावी. पण त्या देशाचा कारभार कागदावर चालतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. बऱ्याच बँका खातं उघडायला ही नोंद मागतात आणि खातं नसेल तर त्या बंद खात्यातले महिन्याचे पैसे हाती पडायला अडचण. म्हणजे घर नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर खातं नाही, खातं नाही तर पैसा नाही. सातबाऱ्यावर नाव नसलं की सोसायटीपासून विम्यापर्यंत सगळं कसं अडतं, तसलंच हे.

नऊ दिवस पोर मुसाफिरखान्यातल्या आठ खाटांच्या खोलीत राहिली. आईला फोनवर मात्र “सगळं छान आहे गं.” चित्र दिसणारा फोन आला की म्हणायची, “आई, इथं रेंज नाही, नुसतं बोल.” पाठीमागच्या लोखंडी खाटा दिसू नयेत म्हणून!

दहाव्या दिवशी तिनं मला फोन केला. ग्योटिंगेनच्या चौकात एका कारंज्यावर हंस राखणाऱ्या पोरीचा पुतळा आहे, १९०१ सालचा. डॉक्टरेट मिळवलेली मुलं वर चढून त्या गुराखी पोरीचा मुका घेतात, अशी तिथली रीत. त्या कारंज्याच्या कठड्यावर बसून ती म्हणाली, “मावशी, आईला सांगू नको. मी परत येऊ का? घर तारण आहे आणि मी पहिल्याच फटक्याला साठ हजार घालवले.”

मी तिला विचारलं, “विद्यापीठात कुणाला सांगितलंस का?” नव्हतं सांगितलं. लाज वाटली म्हणे. मी म्हटलं, “आधी तिथं जा, मग परत येण्याचं बघू.” परदेशी विद्यार्थ्यांसाठी तिथं वेगळी कचेरीच असते. तिथल्या बाईंनी तिला पोलिसांत तक्रार द्यायला लावली आणि तीन महिने बाहेरगावी चाललेल्या एका विद्यार्थिनीची खोली दाखल्यासकट मिळवून दिली. पैसे काही परत आले नाहीत, येतील असंही वाटत नाही.

आईला सांगू नको, हे मात्र मी ऐकलं नाही. संध्याकाळी ताईकडे गेले आणि सगळं सांगितलं. ताई रडली. दाजी बराच वेळ गोठ्यात जाऊन बसले. मग आत येऊन एवढंच म्हणाले, “मागल्या साली कांद्यात याच्या दुप्पट गेले. तेव्हा मी काय शेत सोडून पळालो? लाव फोन तिला.”

तुमच्या लेकराचा फोन पहिल्या आठवड्यात फार गोड येऊ लागला, तर थोडं खोदून विचारा. रागवू नका, नाहीतर पुढचं कधीच कळणार नाही. खोलीचे पैसे हाती किल्ली येईपर्यंत पाठवायचे नाहीत, हे निघतानाच बजावा. शक्य तर विद्यार्थी वसतिगृहासाठी प्रवेश मिळताच अर्ज टाका, यादी लांबलचक असते. आणि वेळेचं भान ठेवा. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. ताई पहाटे सहाला धार काढायला उठून फोन लावायची, तेव्हा तिकडं रात्रीचे अडीच वाजलेले!

परवा भाचीनं गावाबाहेरच्या रस्त्याकडेचे फोटो पाठवले. शेताच्या कडेला साखरबीटचे घराएवढे ढीग. वसंतात पेरायचं, शरदात काढायचं, जमिनीतला कंद साखर कारखान्याला. दाजींनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि स्वतःच फोन लावला.

“एकरी किती निघतं गं?”

“तीस टनांच्या आसपास, दादा.”

“आपल्या उसापेक्षा कमीच की. आणि उतारा?”

“सोळा ते अठरा टक्के साखर असते त्यात.”

दाजी गप्प झाले. मग म्हणाले, “तोडणीला टोळ्या कुठनं येतात त्यांच्या?”

“टोळ्या नसतात, दादा. एकच माणूस मशीनवर बसतो आणि सहा ओळी काढत जातो.”

अर्धा तास चालला तो फोन. चित्र दिसत होतं. पाठीमागे खिडकी, टेबल, आणि टेबलावर ताईच्या जवसाच्या चटणीची बरणी.