खुद्री मासा आणि कृष्णेचे खोरे

पाचगणीच्या डोंगरकड्यावरून खाली पाहिले म्हणजे कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा विस्तीर्ण जलाशय दृष्टीस पडतो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा याच खोऱ्यातून वाईकडे उतरते. कृष्णा व तिच्या उपनद्यांतील सर्वांत नामांकित मासा म्हणजे महसीर. दख्खनमधील त्याच्या जातीची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशांवरून 1839 मध्ये प्रसिद्ध केली. 'खुद्री' हे स्थानिक नावच त्यांनी शास्त्रीय नावात कायम ठेवले.

खुद्रीचे जीवन वाहत्या पाण्याशी निगडित आहे. उन्हाळ्यात ती खोल डोहांत राहते. पावसाळ्यात नदीला पूर आला की प्रौढ मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि गोट्यांच्या व खडीच्या तळावर अंडी घालतात. रोहू, कटला यांच्या तुलनेत ही अंडी आकाराने मोठी, परंतु संख्येने फारच थोडी असतात. ती तळाशी बसतात. त्यांना स्वच्छ व प्राणवायूयुक्त पाणी सतत मिळावे लागते. त्यांच्यावर गाळ साचला, खडी उपसली गेली किंवा बंधाऱ्याने वाट अडविली, तर त्या वर्षीची पिढीच नष्ट होते. मोठे मासे मात्र डोहात दिसत राहतात, त्यामुळे ही हानी अनेक वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या माशाच्या कृत्रिम प्रजननाचे महत्त्वाचे कार्य महाराष्ट्रातच झाले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून खुद्रीचे बीज तयार होऊ लागले व ते अनेक राज्यांतील जलाशयांत सोडण्यात आले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत पूर्वी 'संकटग्रस्त' असलेली ही जात 2020 च्या सुमारास 'अल्प चिंता' या वर्गात आली. ही गोष्ट समाधानाची असली, तरी ती संपूर्ण जातीविषयी आहे. एखाद्या ठरावीक नदीतील खुद्री सुरक्षित आहे, असा तिचा अर्थ होत नाही.

केवळ बीज सोडण्याने काय घडू शकते, याचे उदाहरण कावेरी नदीने दिले आहे. खुद्रीचे बीज तेथेही सोडण्यात आले होते. तेथे गळाने मासे धरून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या हौशी मंडळींच्या शिबिरांत 1998 ते 2012 या काळात पकडीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. संशोधकांनी त्या तपासून 2015 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खुद्रीची संख्या वाढत असताना कावेरीचा मूळचा मदार असलेला महसीर जवळजवळ नाहीसा झाला होता. 2018 मध्ये त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त' जातींत झाली. एकूण महसीर पुष्कळ दिसत होते, म्हणून मूळ जातीचा ऱ्हास झाकला गेला. तो उघडकीस आला तो साध्या वह्यांतील नोंदींमुळे.

सातारा जिल्ह्याने यापासून बोध घेण्यासारखा आहे. मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नदीत कोणते मासे, कोठे व किती आहेत, हे ज्ञात असले पाहिजे. पाहणीची पद्धत अवघड नाही. नदीचे काही टप्पे निश्चित करून दरवर्षी त्याच ठिकाणी, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा सरल्यावर, निरीक्षण करावे. पाण्याचे तापमान, खोली व गढूळपणा मोजावा. तळाशी खडी, वाळू की गाळ आहे, ते लिहावे. किती वेळ जाळे टाकले व त्यात कोणत्या जातीचे किती मासे, कोणत्या लांबीचे मिळाले, याची नोंद मासेमारांच्या साहाय्याने करावी. वेळेची नोंद नसेल, तर दोन वर्षांच्या पकडीची तुलना करता येत नाही. पावसाळ्यानंतर लहान पिल्ले आढळली, तर त्या टप्प्यात प्रजनन झाले असण्याचा तो चांगला पुरावा होय. तिलापिया व आफ्रिकन मांगूर यांसारखे परके मासे आढळल्यास त्यांचीही नोंद व्हावी.

या कार्यास आवश्यक ती चौकट उपलब्ध आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये स्थानिक संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. नदीच्या पाहणीस तीत स्थान देता येईल. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्योद्योग अधिनियमानेच मनाई केली होती. विज्ञान शिक्षकांना ही पाहणी विद्यार्थ्यांकडून प्रात्यक्षिक म्हणून करून घेता येईल.

लोकश्रद्धेचे साहाय्यही मोलाचे ठरते. सह्याद्रीच्या पलीकडे, सावित्रीच्या खोऱ्यात, महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे देवीचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. त्या डोहात मासेमारी होत नाही. परंतु डोहाबाहेरील प्रजननस्थळे बिघडली, तर राखलेल्या डोहातही नवी पिढी येणार नाही. म्हणून डोहाइतकेच त्याच्या वरच्या अंगाच्या ओढ्यांकडे लक्ष द्यावयास हवे. डोंगरावरील शेतातून वाहून येणारी माती, खते व कीटकनाशके आणि वस्त्यांचे सांडपाणी अखेर याच ओढ्यांत उतरते. ग्रामपंचायतींनी वाळू-खडीच्या उपशाविषयी निर्णय घेताना आणि पाटबंधारे अधिकाऱ्यांनी विसर्गाचे वेळापत्रक ठरविताना प्रजननकाळाच्या नोंदी समोर ठेवल्या, तर या पाहणीचे सार्थक होईल.